आंब्याची पेटी, मतांची पेटी

मी पेटी बोलतेय. लगेच सा लावू नका, मी वाजणारी नाही. आंब्याची पेटी. पुठ्ठ्याची, कोपऱ्यांना पिना मारलेली, पोटाला भोकं. शिक्षणाचं विचाराल तर माझ्या अंगावर छापलंय तेवढंच मला वाचता येतं: 'हापूस. १ डझन. ही बाजू वर.' शिकलेल्यांना तेही येत नसावं, कारण जन्मापासून मला सगळ्यांनी उलटीच ठेवली.

जन्म रत्नागिरीतला, एका शेडमध्ये. पोटात गवत, गवतावर आंबे, की निघाले. विमानातून डब्लिनला उतरले, सँडीफोर्डच्या एका कार पार्कात या डिकीतून त्या डिकीत गेले आणि चंद्रहासबरोबर नावन नावाच्या गावी आले. आंबे कधी संपले ते विचारू नका. घरातला प्रत्येक जण सांगतो, मी एकच खाल्ला.

चंद्रहास मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये क्वालिटी बघतो. त्याची बायको माधवी डिपेन्डन्ट व्हिसावर आली, पण घरात बसवेना म्हणून शिवण घ्यायला लागली. पडदे, पँटचे पाय, आणि मे महिन्यात शाळकरी मुलींचे चर्चमधल्या कम्युनियन विधीचे पांढरे फ्रॉक. सासरे विद्याधर, कराड डेपोचे रिटायर कंडक्टर. अजून किचनमध्ये दोन माणसं जमली की म्हणतात, "चला, पुढं सरका."

तर झालं काय, कौन्सिलचं इलेक्शन आलं. या इलेक्शनला इथं राहणाऱ्या कुणालाही मत देता येतं, पासपोर्ट कुठला का असेना. माधवीच्या डोक्यात आलं, आपण उभं राहायचं. कारण काय, तर इस्टेटपासून, म्हणजे आमच्या वसाहतीपासून, शाळेपर्यंत फुटपाथ नाही. तिनं शिवलेले पांढरे फ्रॉक पोरी घालून जायच्या आणि चिखलाचे होऊन परत तिच्याकडेच यायच्या. ट्रक अंगाला घासून जातात ते वेगळंच.

इथं एका भागातून बरेच जण निवडतात आणि बटण दाबायचं नसतं. कागदावर सगळ्यांची नावं, त्यापुढे आवडीप्रमाणे नंबर घालायचे, एक, दोन, तीन, मन भरेपर्यंत. माधवी दारोदार विचारून आली. सगळ्यांनी सांगितलं, या घरातून नंबर एक तुलाच. ती खूश होऊन शेजारच्या नोरीनकडे गेली. नोरीन म्हणजे रिटायर नर्स. मतमोजणीच्या हॉलमध्ये कठड्याला टेकून, कुणाला किती पडली ते टिपत हिचं निम्मं आयुष्य गेलेलं. ती म्हणाली, अगं, माझ्या नवऱ्यानं परवा एका दिवसात चार जणांना नंबर एक कबूल केला. तोंडावर नाही कोण म्हणतंय इथं?

मला हसू आलं. रत्नागिरीतही असंच असतं.

मग चंद्रहासनं ठरवलं, पोल घ्यायचा. गुपचूप मतं. त्यानं सगळ्या उमेदवारांची नावं प्रिंट केली, कटरनं माझ्या झाकणाला चीर पाडली, माझी छापील बाजू पांढऱ्या कागदानं झाकली आणि म्हणाला, झाली मतपेटी. मीही कोपऱ्यातल्या पिनेनं त्याचा अंगठा टोचला. फिट्टंफाट.

आधी मी इस्टेटमध्ये फिरले. नोरीननं ते कागद काढून वेगळे ठेवले. मग शनिवारी आपल्या मराठी ज्येष्ठांच्या चहाला गेले. तिथं शारदाकाकू होत्या, रविकांतकाका होते, आमचे विद्याधरराव होते, आणखी बरेच. मुलांकडे राहायला आलेली सगळी मंडळी. कागदावर हात आडवा धरून लिहीत होती, शेजारचा कॉपी करेल अशा भीतीनं. बिस्किटं मात्र उघडपणे दोन-दोन घेत होती.

रविवारी मोजणी. चंद्रहासचा प्लांटमधला नियम, जो वाचतो त्यानं लिहायचं नाही आणि जो लिहितो त्यानं वाचायचं नाही. म्हणून नोरीन वाचणार आणि तो तिच्याकडे पाठ फिरवून लॅपटॉपवर लिहिणार. माधवी ओट्याशी उभी.

इस्टेटचे कागद बरे निघाले. कुठं एक, कुठं दोन, बरेच तीन. नोरीन म्हणाली, ग्रँड, म्हणजे झकास, शेवटच्या सीटला झगडता येईल. मग ज्येष्ठांचे कागद आले. नोरीनचा आवाज बारीक झाला. "माधवी, नऊ. माधवी, नऊ. नऊ."

"आणि बाकीच्यांना?" चंद्रहासनं विचारलं.

"बाकी कोरं. दुसऱ्या कुणाला काहीच नाही. फक्त हिला नऊ, म्हणजे पार तळाची." तिनं कागद खाली ठेवला. "हे मुद्दाम केलंय रे."

पोटात पडलेले कागद मी बघितले होते. सगळ्यांवर माझ्या ओळखीचाच आकडा होता. नोरीन त्याला नऊ का म्हणतेय ते कळेना. वाटलं, इंग्रजीत तसंच म्हणत असतील.

एकाही ज्येष्ठाचा कागद त्यातून सुटला नाही, म्हणजे विद्याधररावांचाही. माधवीनं कागद बघायचं नाकारलं. म्हणाली, अक्षर ओळखू आलं तर उद्यापासून चहा कसा देऊ? सगळे परत माझ्या पोटात कोंबले आणि वर चिकटपट्टी.

सोमवारी फॉर्म भरायची शेवटची तारीख. माधवी उठली आणि मशीनवर बसली, एका फ्रॉकची झालर उसवायला. चंद्रहास म्हणाला, सॅम्पल छोटं होतं. तिनं दोरा तोडला. उठून सासऱ्यांपुढे चहा ठेवला. विद्याधररावांनी चहा बशीत ओतला. म्हणाले, "सूनबाई, फॉर्म कधी भरायचा?"

"नाही भरणार, बाबा."

"का गं?"

"आपल्याच माणसांना नकोय."

त्यांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, आपल्याला सोडून बाकीच्यांना नको असेल. दोघंही एकाच टेबलाशी बसून एकमेकांची कीव करत होते.

तेवढ्यात नोरीन मागच्या दारानं आली, सोबत स्कोन, म्हणजे इथले गोडसर पाव, घेऊन, कुणी गेल्यावर भेटायला येतात तशी. दार उघडलं आणि मी खुर्चीवरून खाली पडले. लोक म्हणतात वारा. म्हणू देत. पडताना माझ्यावरचा पांढरा कागद निघाला आणि छापील बाजू वर आली. जन्मात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी समोर सरळ होते.

नोरीननं मला उचललं, वाचलं आणि म्हणाली, "नऊ? नऊ काय? आंबे? एवढ्याशा खोक्यात?"

"नऊ नाही, एक," माधवी सुईवरची नजर न काढता म्हणाली. "एक डझन."

मग तिची सुई थांबली.

चिकटपट्टी दातांनीच फाडली तिनं. कागद टेबलावर पसरले. सगळ्यांवर तिच्या नावापुढे एकेकच आकडा, ठसठशीत, वर गाठ आणि खाली शेपूट: १. विद्याधररावांचा तर पहिला ओळखू आला. तिकिटावर भोक पाडतात तसा दाबून काढलेला.

"बाबा, हा तुमचा?"

"मग कुणाचा? मत एकच असतंय. दिलं तुला."

माधवी नाक पुसत हसली. हा आमचा एक, तुमचा 9 नव्हे, असं नोरीनला समजावून सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसली आणि स्वतःच एक स्कोन खाल्ला. मग म्हणाली, पण खरी मतं अशी पडली तर सगळी बाद होतील.

फॉर्म दुपारी गेला. त्या आठवड्यात ज्येष्ठांचा वर्ग भरला. विद्याधरराव माझ्याच कुशीवर पेन्सिलनं 1 काढायला शिकले. "ही काठी झाली, हा एक कसला?" असं प्रत्येक काठीला म्हणत. माझी एक बाजू काठ्यांनी भरली.

जूनमध्ये माधवी निवडून आली. शेवटची सीट, अगदी शेवटच्या फेरीला. मोजणीवरून घरी आली तेव्हा विद्याधरराव जागेच होते. तिनं सांगितलं, एक मत बाद झालं. नोरीननं कठड्यावरून बघितलं. माधवीच्या नावापुढे नुसता नऊ.

"कोण शहाणा असंल," विद्याधरराव म्हणाले आणि टीव्हीकडे बघायला लागले. टीव्ही बंद होता.

"कोण का असेना," माधवी म्हणाली. "मी तेच पहिलं धरलंय."

आणि त्यांना चहा दिला.

आता मी जिन्याखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, असते. पोटात कांदे आहेत. पिना गंजल्या, झाकणाची चीर रुंदावली. दर महिन्याला चंद्रहास मला रद्दीच्या हिरव्या बिनकडे न्यायला उचलतो आणि माधवी कांदे दाखवून मला परत ठेवायला लावते. फुटपाथचं काम पुढच्या मीटिंगला आहे म्हणे. तेवढा झालेला बघू द्या, मग टाका. फक्त टाकताना छापील बाजू वर ठेवा. नोरीनचा अजून विश्वास बसलेला नाही. येता-जाता ती मला उचलून तळ बघते, उरलेले आठ डझन कुठं गेले म्हणून.