कुरवंड्याच्या शेडचा घाम

मित्रांनो, मी गळत नाही. एवढे आधी ऐकून घ्या, मग माझी कहाणी. मी कुरवंडे गावातली पत्र्याची एक जुनी शेड आहे आणि नसत्या आरोपाने पार बदनाम झाले आहे.

हनुमंतने मला म्हशींसाठी उभारले. पुढे म्हशी विकल्या आणि त्याची आई बयाबाई माझ्यात शाडूचे गणपती करू लागली. तेव्हा माझे काय कौतुक झाले! पण पावसाळ्यात दरीतून धुके वर येई आणि माझे पत्रे गारठत. आत ओली शाडू, ती वाळवायला पेटवलेली शेगडी. ती दमट, उबदार हवा गार पत्र्याला लागली की त्यावर पाण्याचे थेंब धरणारच. गार पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो, म्हणून त्याला कोणी फुटका म्हणते का? मला मात्र सगळे म्हणत, "शेड गळती."

हनुमंतने वरून डांबर ओतले. थेंब थांबेनात. मग त्याने छपराखालच्या फटींत गोण्या कोंबल्या, खिडकीला प्लास्टिक ठोकले आणि आणखी एक शेगडी आणली. माझा श्वासच कोंडला. काय बोलावे या माणसाला?

यंदा बयाबाईचा हात थरथरू लागला होता. मूर्ती हनुमंत रंगवी, पण डोळ्यांची आखणी तिचीच. "एवढं वरीस डोळं काढते, मग बास," ती म्हणाली होती. सगळ्यात मोठ्या मूर्तीचे डोळे तिने मोठ्या कष्टाने रेखले आणि माझा एक थेंब नेमका त्यांवर पडला. काळा रंग गालावर ओघळला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शेजारच्या कमळाबाईने ते पाहिले. "आवो, देव रडतोय," म्हणत ती गावात गेली. झाले! अर्धे गाव आत शिरले. समया लागल्या, धूप पेटला, दिवे विझू नयेत म्हणून दार लोटले. मी घामाघूम झाले. आणखी दोन मूर्तींचे डोळे वाहिले, तशी लोकांनी पुन्हा हात जोडले. अहो, तो माझा घाम आहे! पण पत्र्याचे ऐकतो कोण?

बयाबाई मात्र वर बघत होती. धुपाचा धूर पत्र्याखाली नुसता घोटाळत होता. तिने काठी घेऊन फटींतल्या गोण्या पाडल्या, खिडकीचे प्लास्टिक ओढून काढले. धूर भराभर बाहेर पडला.

"समदी भाईर व्हा. शेगड्या बी न्या," ती म्हणाली.

"मावशी, देव रुसंल," कमळाबाई कुरकुरली.

"रुसू दे. आदी त्येचं डोळं वाळू दे."

वारा खेळला आणि माझे थेंब थांबले. चमत्कार संपला म्हणून लोक हिरमुसले, त्याचाही दोष माझ्याच माथी. बयाबाईने एका हाताने दुसरे मनगट घट्ट धरून सगळे डोळे पुन्हा रेखले. मग तिने बारीक कुंचला हनुमंतच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता तू."

हनुमंतने आता पत्र्याखाली फोमचा थर बसवला आहे, समोरासमोर झरोके पाडले आहेत. मला फार हलके वाटते. पण परवा थंडी वाजली तसा तो हातात गोणी घेऊन झरोक्याकडे बघत होता. मित्रांनो, तुम्ही तरी त्याला समजवा. ओल्या कामाच्या जागी पत्र्याला वारा लागतो. पुढच्या वर्षी डोळे तो काढणार आहे, आणि पुसले तर पुन्हा रेखायला आता आई बसणार नाही.