धुरांड्याचा मंजूर रंग

नदीकाठचं जुनं वीजघर बंद पडून वीस वर्षं झाली आणि मग कुठे नगरपालिकेला त्याचं सौंदर्य दिसलं. कॅलेंडरसाठी त्याच्या उंच धुरांड्याचे बारा फोटो हवे होते. काम मिळालं स्टुडिओवाल्याला. उभा जन्म त्याने पासपोर्टचे फोटो काढले होते. मान हलवू नका, डोळे मिटू नका, असं सांगावं न लागणारं हे त्याचं पहिलंच गिऱ्हाईक.

गडी वेडावला. धुक्यात जायचा, भर उन्हात जायचा, पावसात छत्री कॅमेऱ्यावर धरून स्वतः भिजायचा. तेच विटांचं धुरांडं सकाळी राखाडी, पावसात काळंभोर, आणि एका संध्याकाळी ढग फाटले तेव्हा चक्क गुलाबी!

"माझ्याकडे कधी इतकं टक लावून पाहिलंत का हो?" बायकोने विचारलं.

"तू एका जागी उभी कुठे राहतेस?" तो म्हणाला, आणि आठवडाभर स्वतःचा चहा स्वतः करून प्यायला.

नगरपालिकेच्या कॅलेंडर समितीच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी फोटो टेबलावर मांडले.

"यातला खरा रंग कोणता?"

"सगळेच खरे, साहेब. उजेड बदलतो."

"फायलीत एकच लिहिता येतो."

समितीने हात वर करून गुलाबी मंजूर केला. कॅलेंडर हातोहात खपलं. लांबलांबून लोक बघायला आले आणि तक्रार करून गेले, की धुरांडं फोटोसारखं नाही. साहेबांनी मनावर घेतलं. महिन्याभरात परांच्या चढल्या आणि तळापासून टोकापर्यंत गुलाबी रंग फासला गेला.

उद्घाटनाच्या फोटोसाठी स्टुडिओवाल्यालाच बोलावलं. दुपारच्या उन्हात ते धुरांडं खोडरबरासारखं दिसत होतं.

"हे काय करून ठेवलंत, साहेब?"

"तुमच्याच फोटोबरहुकूम केलंय. कॅलेंडर हातात धरून मी स्वतः उभा होतो."

त्याने एकही फोटो काढला नाही. स्टँड मिटला आणि घरी आला.

पुढे महिनाभर त्याने कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग एका रविवारी गुपचूप बाहेर पडला आणि संध्याकाळी चिखलाने माखलेले बूट घेऊन परतला. बायकोने फोटो पाहिला. पाण्यात अर्ध्या बुडालेल्या गंजक्या क्रेनवर तिरपं ऊन पडलं होतं.

"अगंबाई, हे कुठलं?"

"हळू बोल," तो दार लावत म्हणाला, "रंगवतील."

पुढच्या रविवारी तीही बरोबर गेली. ढग येऊन उजेड बदलेपर्यंत दोघं तिथेच बसून होती.