राखून ठेवलेलं शिंग

दातांच्या डॉक्टरीणबाईंचे व्हिडिओ गेमविषयीचे विचार गावातल्या निम्म्या लोकांना तोंडपाठ होते, आणि ते सगळ्यांनी तोंड उघडं ठेवूनच ऐकले होते. बाई माणसाला खुर्चीत आडवं करायच्या, भूल द्यायच्या, गालात कापसाचे बोळे कोंबायच्या, लाळ ओढायची नळी ओठात अडकवायच्या आणि मग सुरू व्हायच्या. समोरच्याला हो म्हणायची सोय नसे, नाही म्हणायची तर नसेच नसे.

"पूर्वी गेम विकत घेतला की तो आपला असायचा," ड्रिल उचलत त्या म्हणायच्या. "घरी आणा, लावा, खेळा. आता अर्धाकच्चाच गळ्यात मारतात. पहिल्या दिवशी उघडून बघावं तर नायकाला चेहराच नाही, नुसते डोळे आणि दात. म्हणे अपडेट येईल. मीपण असंच करू का? आज दाढ कोरते, सिमेंट पुढच्या महिन्यात अपडेटमध्ये. आ करा."

पेशंट आ करायचा. न करून जातो कुठे.

"आणि घोड्याला टोपी हवी तर पैसे मोजून पेटारा घ्या. पेटाऱ्यात काय निघेल ते देव जाणे. टोपीसाठी घ्यावा तर निघतो बूट. आता मला सांगा, घोडा एक बूट घालून करणार काय? थुंका."

बाई पन्नाशीला टेकल्या होत्या. हात हलका, जीभ जड नाही, आणि दवाखाना बंद केला की घरी जाऊन खुर्चीत मांडी घालून गेम खेळत जे बसायच्या ते नवऱ्याने चार हाका मारल्याशिवाय उठत नसत. गेममध्ये त्यांनी नाव घेतलं होतं अक्कलदाढ. नवऱ्याचं म्हणणं असं, की इतकी नावं ठेवतेस तर तो गेम खेळतेस कशाला? त्यावर बाई कधी नव्हे ते गप्प बसायच्या. कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. कारण होतं त्यांचा धाकटा भाऊ.

लहानपणी घरात खेळायचं यंत्र एकच होतं आणि कंट्रोलरही एकच. नियम असा, की जो मरेल त्याने कंट्रोलर दुसऱ्याला द्यायचा. धाकटा हाती लागेल ते वापरून मोकळा व्हायचा. औषधाची बाटली मिळाली की गटकली, बाण मिळाले की सोडले, मग कोंबडी दिसो की राक्षस. ताईचं उलट. ती सगळं राखून ठेवायची. पुढे मोठा राक्षस येईल, तेव्हा लागेल. मग मोठा राक्षस यायचा, ताई मरायची, आणि पिशवी बाटल्यांनी गच्च भरलेली असायची.

"प्यायची होतीस ना," धाकटा कंट्रोलर ओढून घेत म्हणायचा. "त्या बाटल्यांचं काय लोणचं घालणार होतीस?"

"त्याच्याहून मोठा राक्षस आला असता तर?" ताई म्हणायची. तिला ते अगदी बरोबर वाटायचं.

धाकटा मोठा झाला, शिकला आणि दुसऱ्या शहरात एका गेमच्या कंपनीत लागला. बहीण इतकी खूश झाली की विचारू नका. त्याच्या कंपनीचा गेम आला त्या दिवशी तिने दवाखाना लवकर बंद केला. दर रविवारी दोघं त्या गेममध्ये भेटायची, चौकीच्या टेकडीवर. टेकडीवरून खाली नदी, नदीवर जुना पूल, पलीकडे जंगल. "यातलं तू काय केलंस?" ती विचारायची. "डोंगर, दगड, असलंच," धाकटा सांगायचा. ती मग प्रत्येक दगडाकडे कौतुकाने बघायची.

पुढे गेममध्ये पेटारे आले. पाठोपाठ रोजची हजेरी आली: रोज या, रोज काहीतरी बक्षीस घ्या, एक दिवस चुकला की पहिल्यापासून मोजा. बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी इंटरनेटवर गेमबद्दल चांगलं सविस्तर लिहिलं आणि शेवटी लिहिलं, की ही हजेरी आणि हे पेटारे ज्याने काढले, त्याने आपण काय काम करतो ते एकदा आपल्या आईला सांगून बघावं.

लोकांना ते फार आवडलं. जो तो दुसऱ्याला पाठवायला लागला. फिरत फिरत ते धाकट्याच्या कंपनीत पोचलं, आणि साहेबाने भरल्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. संध्याकाळी धाकट्याचा फोन आला.

"ताई, ते मी काढलंय," तो म्हणाला. "हजेरी, पेटारे, सगळं. दगड-बिगड नाही. आणि आईला सांगितलंय मी. तिला काही कळलं नाही."

आता बघा, इथे हसून विषय संपला असता. धाकट्याने अर्धं हसूनच सांगितलं होतं. पण बाईंना आधी आपण फसवले गेलो याचा राग, त्यात इतके दिवस दगडांचं कौतुक केलं त्याचा वेगळा राग.

"आईला कळलं नाही हे तुझं नशीब," त्या म्हणाल्या. "मला कळतं. मला लाज वाटते तुझी."

पलीकडून फोन ठेवला गेला. त्यानंतर दोन वर्षं दोघं बोलली नाहीत. सणासमारंभाला धाकट्याला काम निघायचं, बाईंना पेशंट निघायचे.

पण गेम दोघांनीही सोडला नाही. गेममध्ये मित्रांच्या नावापुढे हिरवा ठिपका असतो. माणूस आत असला की पेटतो. बाई रोज दवाखान्यातून येऊन गेम उघडायच्या, धाकट्याचा ठिपका पेटलाय का बघायच्या, आणि पेटलेला दिसला की त्यांना बरं वाटायचं. मग उगीच चार लांडगे मारून झोपायच्या. रोज गेल्यामुळे हजेरी आपोआप लागायची, बक्षिसं साठायची. कंपनीच्या लेखी अक्कलदाढ म्हणजे हजेरीला भुललेलं पक्कं गिऱ्हाईक होतं. बाईंना हे ठाऊक होतं आणि याचा संतापही होता. तरी जायच्या.

मध्येच कधी आई यायची राहायला. आई दोघांकडे आलटून पालटून राहायची.

"त्याची दाढ दुखतेय," आई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. "एका बाजूने जेवतो."

"तिकडे डॉक्टर नाहीत का?"

"मला काय विचारतेस? त्याला विचार. मी काही तुमचा निरोप्या नाही. देवाने दोघांना तोंड दिलंय."

बाईंनी विचारलं नाही. कोणत्या बाजूने जेवतो, तेवढं मात्र विचारलं. डाव्या, आई म्हणाली. म्हणजे उजवीकडची दुखत होती. उजवीकडच्या खालच्या दाढेत त्यांनीच पूर्वी सिमेंट भरलं होतं, आणि ते काही जन्माला पुरणारं नव्हतं.

मग एका सकाळी गेम उघडल्यावर समोर पाटी आली. इतकी वर्षं सोबत राहिल्याबद्दल आभार, अमुक रविवारी संध्याकाळी सहा वाजता सर्व्हर बंद होतील. संपलं. पूर्वीचा गेम कपाटात तरी पडून राहायचा. हा गेम कोणाच्याच घरात नव्हता. तिकडे त्यांनी बटण दाबलं की इकडे टेकडी नाही, पूल नाही, काही नाही. त्या आठवड्यात खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला हे ऐकावं लागलं. एका निवृत्त शिक्षकांना तर नुसते दात साफ करायचे होते, ते पाऊण तास अडकले.

आईचा फोन आला, की धाकट्याची सगळी तुकडी घरी बसवलीय. नोकरी गेली. बाईंनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि पुढचा पेशंट आत बोलावला. त्या पेशंटला मात्र त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्याला वाटलं आपलं काहीतरी गंभीर आहे.

त्यांच्या मनात एकच होतं. हा ठिपका विझला, की मग भावाचं काहीच दिसायचं नाही. फोन त्यांनाही करता आला असता, कोणी हात धरला नव्हता. पण पहिलं वाक्य काय बोलायचं? ते काही सुचत नव्हतं.

रविवारी जेवण उरकून त्या आत शिरल्या. गेममधल्या चौकात ही गर्दी लोटली होती. लोक ठेवणीतले पोशाख घालून नाचत होते, घोड्यांना टोप्या होत्या, कोणी एकमेकांना तलवारी वाटत होतं. अक्कलदाढ त्यातून वाट काढत चौकीच्या टेकडीवर जाऊन बसली. धाकट्याचा ठिपका पेटलेला होता. पण माणूस कुठे आहे ते नकाशात दिसत नाही. नुसता आहे एवढंच कळतं.

पाच वाजून गेले. टेकडीवर कोणी आलं नाही.

बाईंनी पिशवी उघडली. हजेरीच्या बक्षिसांनी ती फुटायला आली होती. ताकदीच्या बाटल्या, वेगाच्या बाटल्या, जखमेच्या बाटल्या, एकीचंही बूच काढलेलं नाही. आणि तळाशी शिंग. हे शिंग प्रत्येक खेळाडूला सुरुवातीलाच एक मिळायचं. वाजवायचं आणि मित्राचं नाव घ्यायचं. तो जिथे असेल तिथून तुमच्यापाशी येऊन उभा राहणार. जन्मात एकदाच. बाईंनी ते अर्थातच राखून ठेवलं होतं, शेवटच्या मोठ्या लढाईसाठी.

याहून मोठी कुठली यायची आता? त्यांनी शिंग निवडलं. धाकट्याचं नाव निवडलं. आणि बटण दाबलं.

शिंग वाजलं नाही. पाटी आली: या वस्तूचा हंगाम संपला आहे. नवीन शिंग दुकानात मिळेल.

दुकान तर आधीच्याच आठवड्यात बंद केलं होतं. बाई पाटीकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं जपून ठेवलेली वस्तू, आणि तिला यांनी मुदत घालून ठेवली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी असा काही राग आला, की पहिलं वाक्य आपोआप सुचलं. त्यांनी फोन उचलला.

पहिल्याच रिंगला धाकट्याने घेतला.

"शिंगाला मुदत कोणी घातली?" बाई म्हणाल्या.

तो म्हणाला, "मी."

"तरीच."

"मीपण आत्ताच वाजवून बघितलं, ताई. विसरूनच गेलो होतो. मीच घातलेली मुदत मलाच आठवली नाही. तुझं नाव घेतलं तर मला म्हणतंय दुकानात जा."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. आधी एक काम होतं. "हे बघ, मी जे लिहिलं होतं ते खरं होतं," त्या म्हणाल्या. "ते मी परत घेणार नाही."

"खरंच होतं ते. मलाही तेव्हाच पटलं होतं."

"पण फोनवर बोलले ते खोटं होतं. मला तुझी लाज नाही वाटत. कधीच नव्हती वाटत. चुकले मी."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"कुठे आहेस तू?" बाईंनी विचारलं.

"जुन्या पुलाखाली. इथला एक दगड खरोखर मी ठेवलाय. तेवढा एकच. तो बघायला आलो होतो."

"टेकडीवर का नाही आलास?"

"तू असशील असं वाटलं. आणि नसलीस तर काय, असंही वाटलं."

घड्याळात सहाला थोडी मिनिटं होती. पुलापासून टेकडी चांगली लांब, मध्ये चढ, मध्ये लांडगे. धाकटा म्हणाला, निघतो मी. बाई म्हणाल्या, तू पुलावर चढून थांब, मी येते. त्यांनी वेगाची बाटली काढली आणि प्यायली. अक्कलदाढ टेकडीवरून सुटली. बाटलीचा जोर संपला की दुसरी. लांडगा आडवा आला, ताकदीची प्यायली. चावला, जखमेची प्यायली. इतक्या वर्षांत त्यांनी एवढी चैन केली नव्हती. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि काही न विचारता परत गेला.

"दिसतेयस," धाकटा फोनवर म्हणाला. "पिवळ्या अंगरख्यातली तूच ना? केवढी पळतेयस ताई."

पुलाच्या दुसऱ्या टोकाला धाकटा उभा होता. त्याने हात वर केला. बाईंनी पुलावर पाय टाकला आणि स्क्रीन काळी झाली.

खोलीत अजून उजेड होता. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं. फोन कानालाच होता.

"गेलं," धाकटा म्हणाला.

"गेलं."

"बाटल्या संपवल्यास तरी?"

"एक राहिली."

"ती कशाला ठेवलीस?"

"म्हटलं, पुढे लागली तर."

धाकटा हसायला लागला आणि हसता हसता मध्येच कळवळला. बाईंनी ते बरोबर ओळखलं.

"उजवीकडची खालची ना? कधीपासून दुखतेय?"

"झालं की वर्ष."

"वर्षभर? तिकडे कोणाला दाखवली नाहीस?"

"नाही."

"का?"

"तुलाच दाखवायची होती," धाकटा म्हणाला. "म्हणून ठेवली राखून."

बाईंनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"उद्याच्या गाडीने ये," त्या म्हणाल्या. "आणि जेवून ये. भूल दिल्यावर बराच वेळ काही खाता येणार नाही."