पट्ट्यावरचं सफरचंद

सकाळी साडेअकराला थोरलीने चालत्या पट्ट्यावरचं एक नंबरचं सफरचंद उचललं आणि सगळ्यांसमोर चावलं.

फळं निवडून खोक्यांत भरायच्या त्या शेडमध्ये थोरली आणि धाकटी, दोघी सख्ख्या जावा, शेजारीशेजारी उभ्या राहत. चांगला माल खोक्यात, डागी माल खालच्या पिंपात. संध्याकाळी पिंप गुरांच्या गोठ्यावर जाई. बायकांना त्यातलं एकही फळ घ्यायची मनाई होती. "आज डागी नेऊ दिलं, तर उद्या तुम्हीच अंगठा दाबून डाग पाडाल," असं मुकादमाचं म्हणणं.

मागच्या आठवड्यात कंपनीनेच तपासणी ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी थोरलीला बाजूला घेतलं. साखर काठावर आहे, अजून मधुमेह झालेला नाही. पाव आणि गोड चहा कमी करा. पालेभाजी खा, फळ खा. रस नको, अख्खं फळ चावून खा. धोका टळेलच असं नाही, पण कमी होतो. थोरलीला जास्त समजवावं लागलं नाही. तिच्या आईचा पाय याच दुखण्यात गेला होता, आणि कापण्याआधी पायाची जखम रोज धुणारी थोरलीच होती.

दुसऱ्या दिवशी जेवणघराच्या भिंतीवर रंगीत फलक लागला: रोज फळे खा, मधुमेह दूर ठेवा. फलकाखाली जेवण तेच. पाव, उकडलेला बटाटा, गोड चहा. शेड सुटेपर्यंत बाजारात पालेभाजीच्या सुकलेल्या जुड्या उरत, आणि फळाला हात लावायची ऐपत नव्हती.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," धाकटी फलकाकडे बघून म्हणाली. बायका हसल्या. थोरली हसली नाही.

आज कामावर येताच तिने मुकादमाला नीट विचारलं होतं.

"दादा, पिंपातली दोन डागी घेऊ का? जेवणाबरोबर खाईन. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"नियम माहीत आहे ना बाई? ती गुरांची आहेत."

"गुरांची साखर तपासलीत वाटतं?"

"जीभ आवरा. पट्टा तुमच्यासाठी थांबायचा नाही."

थोरली दातओठ खात कामाला लागली. साडेअकराला तिने सफरचंद उचललं.

मुकादम धावत आला. "थुंका! आधी थुंका ते!"

तिने घास गिळला. "डागी मागितलं, तुम्ही दिलं नाही. आता चांगलंच खाते. फलक तुमचा, डॉक्टर तुमची, पाय मात्र आमचे कापायचे!"

मुकादमाने तिचा दंड धरून तिला ओढलं.

"हात सोडा जाऊबाईंचा!" धाकटी त्याच्या पाठीमागून ओरडली. त्याने सोडला नाही. धाकटीने हात लांब करून खांबावरचं लाल बटण दाबलं. पट्टा थांबला.

मॅनेजर खाली आला. पट्टा कोणी थांबवला, त्याने विचारलं.

"हिनेच," मुकादम म्हणाला. त्याने पाहिलं नव्हतं.

"हो, मीच," थोरली म्हणाली, आणि धाकटीकडे असं पाहिलं की तिचं उघडलेलं तोंड मिटलं. फळ खाल्लं तर ताकीद मिळते. विनाकारण पट्टा थांबवला तर नोकरी जाते. घर एक, पगार दोन. एक जाणारच, तर धाकटीचा जाण्यापेक्षा आपला गेलेला बरा, हा थोरलीचा हिशेब धाकटीला न सांगता कळला.

जेवणाच्या सुट्टीत धाकटीने पावाला हात लावला नाही. "तोंड दाबून बुक्क्यांचा मार," ती शेजारणीला म्हणाली, "आणि तोंड दाबणारी आपलीच."

दुपारी साडेचारला पट्टा सुरू होता. चावलेलं सफरचंद पुरावा म्हणून मॅनेजरच्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं. थोरली केबिनमध्ये होती, दार आतून लावलेलं. धाकटी जागा सोडून त्या दारापाशी येऊन उभी राहिली होती. हातमोजे तिने काढले होते. दार अजून वाजवलं नव्हतं.