निळ्या रंगाखालची चीर

मी एक जुना वाईस आहे, मित्रांनो. वाईस म्हणजे टेबलाच्या कडेला बोल्टांनी आवळलेला तो लोखंडी जबडा. दांडा फिरवला की त्याचं तोंड मिटतं, आणि आत धरलेली वस्तू मग हलायचं नाव घेत नाही. माझं वजन बेचाळीस किलो आहे, एवढं डोळे मिटून खरं माना. बाकीचं वाजवून घ्या.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका ओतशाळेत झाला. त्या दिवशी भट्टी इतकी तापली होती म्हणतात, की गावातल्या कोंबड्यांनी उकडलेलीच अंडी घातली. थंड झाल्यावर मला खोक्यात घातलं, बोटीवर चढवलं आणि ट्युनिशियाच्या एका गोदीत आणून बसवलं. तिथं मी चाळीस वर्षं जहाजांचे तुटके भाग धरले. एकदा तर सुटून चाललेल्या जहाजाची साखळी कुणीतरी घाईघाईत माझ्या दातांत आवळली, आणि सगळ्यांची जेवणाची सुटी संपेपर्यंत ते जहाज मी एकट्यानं धरून ठेवलं. कप्तान खाली उतरला आणि माझ्या डोक्याचा मुका घेऊन गेला. कप्तान आता हयात नाही, नाहीतर विचारा म्हटलं असतं.

तेव्हा माझे लाड होते. रोज काम संपलं की आट्यांना तेल, आठवड्यातून एकदा ब्रशनं सगळा कीस झाडून साफ. मग एक घमेंडखोर फिटर आला. त्याला घाई फार. हिवाळ्यातल्या एका गारठलेल्या सकाळी त्यानं दांडा आवळायचे कष्टही घेतले नाहीत, सरळ घण उचलला आणि माझ्या पुढच्या जबड्यावर घातला. कट् असा एक बारीक आवाज झाला. जबड्याच्या मुळाशी केसाएवढी चीर गेली. फिटरनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, चिरेवर बोटभर ग्रीस फासलं आणि शीळ घालत निघून गेला. त्या दिवसापासून माझा माणसांवरचा विश्वास उडाला, तो अजून परत आलेला नाही.

पुढं मला भंगारात टाकलं. सात पावसाळे मी उघड्यावर काढले. शेवटी जल्लूल नावाच्या माणसानं मला किलोच्या भावानं उचललं.

हा जल्लूल नाबुल गावच्या शुक्रवारच्या बाजारात जुनी हत्यारं विकायचा. हाताचा कलाकार होता, हे मला कबूल केलं पाहिजे. माझी चीर त्यानं लांबीनं बुजवली, रंगारी लोक भिंतीची भोकं बुजवतात तीच लांबी. फक्त त्यानं तिच्यात लोखंडाचा कीस कालवला, म्हणजे कुणी लोहचुंबक लावला तरी चिकटावा. वरून झळझळीत निळा रंग. इतका देखणा मी जन्मतानाही नव्हतो.

तुम्ही म्हणाल, तू गप्प का बसलास? मित्रांनो, बाजाराच्या टोकाला एक ट्रक उभा असायचा. जे विकलं जायचं नाही, ज्याला चीर आहे असं कळायचं, ते संध्याकाळी त्या ट्रकमध्ये पडायचं आणि थेट वितळायला जायचं. माझ्या शेजारची ऐरण अशीच गेली. म्हणून मी निळा होऊन हसत बसलो.

अशा एका शुक्रवारी सी खमैस आला, सी म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'. बरोबर त्याची बायको बेया.

खमैसनं बंदरावरच्या कस्टममध्ये एकतीस वर्षं लोकांच्या पेट्या उघडल्या होत्या. निवृत्त झाला तरी नजर तीच. कुणी नमस्कार केला तरी तो आधी हात बघायचा, मग उलटा नमस्कार करायचा. त्याच्या घराच्या गच्चीला कठडा नव्हता. आधीचा होता, तो लोहारानं पोकळ पातळ नळीचा बनवून दिला होता, आणि एक दिवस खमैस त्याला टेकल्याबरोबर कठडा खाली अंगणात आणि खमैस वर बेयाच्या मिरच्यांच्या वाळवणात. उन्हाळ्यात फ्रान्समधल्या मार्सेहून तीन वर्षांची नात यायची होती. तेव्हा खमैसनं शपथच घेतली, की आता कुठल्या लोहाराला दारात उभं करायचं नाही. गाडी विकली, गॅरेज रिकामं केलं. भरीव सळ्या आणायच्या, चांगली हत्यारं घ्यायची आणि कठडा स्वतःच्या हातानं करायचा.

जल्लूलनं आधी त्याच्यापुढं एक वेल्डिंगचं यंत्र ठेवलं. ते आपल्या सख्ख्या भावाचं आहे आणि विकताना काळीज तुटतंय, असं सांगून त्यानं डोळेसुद्धा पुसले.

"झाकण उघड," खमैस म्हणाला. "तुझं काळीज तोवर मी धरतो."

झाकण उघडलं. आत वजनासाठी ठेवलेली एक आख्खी वीट, फडक्यात बाळासारखी गुंडाळलेली.

"कस्टमवाल्यांनी ठेवली असणार, हाजीसाहेब," जल्लूल म्हणाला. "त्या लोकांचा काय भरवसा."

"मीच कस्टमवाला आहे."

जल्लूल दुकानातली धूळ झटकायला लागला. आणि इथं, मित्रांनो, खमैस चुकला. कस्टममधला त्याचा एक ठाम हिशेब होता, की एकदा पकडला गेलेला माणूस घाबरतो आणि त्याच दिवशी दुसरी लबाडी करत नाही. म्हणून तो वळला तो थेट माझ्याकडे, आणि जरा सैलावूनच वळला.

तरी परीक्षा घेतलीच. खिशातून लोहचुंबक काढून सगळ्या अंगावरून फिरवला. चिकटला. कानस घेऊन दातांवर घासली. घसरली, म्हणजे दात कडक. मग सिगारेटचा पातळ कागद माझ्या तोंडात धरून दांडा आवळला आणि कागद ओढला. कागद फाटला पण सुटला नाही. पकडीत मी तेव्हाही कुणाला हार गेलो नसतो. खमैसच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, आणि मी मनात म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात बेया पुढं आली. बेया कुंभाराची मुलगी. नाबुलच्या कुंभारवाड्यात वाढलेली. तिनं कसलीच परीक्षा घेतली नाही, नुसती बोटातली अंगठी माझ्या जबड्यावर टकटक वाजवली. त्याच क्षणी जल्लूलनं रेडिओ मोठा केला.

"बाळा, तो रेडिओ बंद कर," बेया म्हणाली.

"बटण बिघडलंय, मावशी. सुरू झाला की थांबत नाही."

मग बेयानं कान माझ्या अंगाला टेकवला आणि पुन्हा वाजवलं. रंग मी लावून घेतला होता, लांबी भरून घेतली होती, पण आवाजाचं काय करणार? माझ्या पोटातून थप्प असा आवाज आला, ओल्या पोत्यावर हात मारावा तसा.

"हा फुटका आहे," ती म्हणाली. "रांजण असता तर मी फुकटसुद्धा घेतला नसता."

"रांजण नाहीच आहे तो," खमैस म्हणाला. "लोखंड आहे. मडक्यांचं ज्ञान तुझ्या स्वयंपाकघरात चालव."

बेयानं खांदे उडवले आणि ती धणे घ्यायला गेली. जल्लूलनं मला हातगाडीवर चढवलं. ट्रकच्या शेजारून जाताना मी मान वर करून गेलो.

वेल्डिंगचं यंत्र खमैसनं शेवटी शहरातल्या दुकानातून नवं घेतलं. दुकानदाराला झाकण उघडायला लावून आतली तांब्याची तार पाहिली, केबलची जाडी मोजली, चामडी हातमोजे उलटे करून शिवण तपासली, आणि डोळे वाचवायचा काळ्या काचेचा मुखवटा घालून सूर्याकडं बघितलं. दुकानदार म्हणे त्या रात्री जेवला नाही. गॅरेजमध्ये ते नवं यंत्र माझ्यासमोर आलं. दिवे लुकलुकवत माझ्याकडं असं बघायचं, जसं त्याला सगळं ठाऊक आहे. मीही त्याच्यावर नजर ठेवून होतो.

पहिले काही दिवस बारीक कामं होती, ती निभावली. मग आला सळ्या वाकवायचा दिवस. सळ्यांचं खालचं टोक काटकोनात वाकवून भिंतीत गाडायचं होतं. खमैसनं बोटाएवढी जाड सळई माझ्या तोंडात धरली, जोर यावा म्हणून तिच्यावर लांब नळी चढवली, आणि सगळं अंग त्या नळीवर टाकलं.

माझ्या मुळाशी चीर उघडायला लागली. ती मला कळत होती, दुखऱ्या दातासारखी. अजून दोन दणके, की जबडा तुटणार आणि नळीसकट बेचाळीस किलोचा अर्धा भाग खमैसच्या हातावर येणार. त्याचं तोंड माझ्यापासून वीतभर लांब होतं. कपाळावर घाम होता. तोंडातल्या तोंडात तो नातीला शिकवायचं गाणं म्हणत होता.

एकीकडं खमैसचा हात, एकीकडं तो ट्रक. मी खोटं कशाला सांगू, दोन क्षण मी ट्रकचाच विचार केला.

मग मी दात सैल केले. जहाज धरून ठेवणारा मी, आयुष्यात पहिल्यांदा पकड सोडली. सळई सर्रकन निसटली, नळी फरशीवर आदळली आणि खमैस जमिनीवर बसला. सळईच्या टोकानं जाता जाता माझ्या मुळाशी ओरखडा काढला, आणि निळ्या रंगाची एक खपली उडून पडली. लोक म्हणतात दात झिजले होते म्हणून सळई सुटली. लोकांना काय, ते काहीही म्हणतात.

आवाज ऐकून बेया चहाचा पेला घेऊनच धावत आली. नवरा धड आहे हे आधी पाहिलं. मग तिनं ती खपली उचलली, बोटांत चुरली आणि नाकाला लावली. खालून लांबीची भुकटी निघाली. जबड्याच्या मुळाशी चीर उघडी पडली होती, आता केसाएवढी नाही, सुतळीएवढी.

"मी काही बोलत नाही," बेया म्हणाली, आणि तिसऱ्या प्रहराच्या अजानपर्यंत बोलत होती.

खमैस शुक्रवारी बाजारात गेला तर जल्लूलच्या जागी कुणी गालिचे विकत होतं. परत आला तो हातात निळ्या रंगाचा डबा घेऊन. त्याचं म्हणणं असं, की आपणही चीर बुजवावी, रंग मारावा आणि दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकावा. जग असंच चाललंय.

बेयानं डबा त्याच्या हातातून घेतला. "मग तुझ्यात आणि जल्लूलमध्ये फरक फक्त रेडिओचा राहिला."

खमैसनं त्या डब्याचं झाकण पुन्हा उघडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो बिडासाठी, म्हणजे माझ्यासारख्या ओतीव लोखंडासाठी लागणाऱ्या निकेलच्या वेल्डिंग कांड्या घेऊन आला. महागड्या, म्हणून मोजून पाच. कांड्यावाल्यानं सांगितलं होतं, बीड आधी तापवावं लागतं आणि नंतर अगदी सावकाश निवू द्यावं लागतं, नाहीतर जोडाशेजारी नवी चीर जाते. इतकी सावकाश आच कुठून आणायची, म्हणून खमैस डोकं खाजवत होता.

"माझे वडील हेच तर करायचे," बेया म्हणाली. "आण तो जबडा."

अंगणात तिची तबूना होती, मातीची गोल भट्टी, जिच्या आतल्या भिंतीला थापून ती रोट्या भाजायची. खमैसनं दांडा उलटा फिरवून माझा पुढचा जबडा ओढून काढला. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढं धावू नये. चीर ग्राइंडरनं खणून साफ केली, लांबीचा कण ठेवला नाही. मग बेयानं मला रोट्या निघाल्यावर तबूनेत ठेवलं. रोटीच्या जागी जाऊन बसायची ही माझी पहिलीच वेळ. आत इतकं ऊबदार होतं की मी ओतशाळेतल्या आईच्या स्वप्नात गेलो. तापल्यावर खमैसनं चिमट्यानं काढलं, मुखवटा डोक्यावरून खाली ओढला, बोटभर जोड मारला, हातोडीनं हलके ठोकला, पुन्हा बोटभर मारला. पाचवी कांडी संपायला आणि चीर भरायला एकच गाठ पडली. लगेच मला परत तबूनेत, गरम राखेत गळ्यापर्यंत पुरलं. त्या दिवशी बेयानं दुसऱ्या रोट्या केल्या नाहीत. घरात आदल्या दिवशीचं उरलेलं कुसकुस, म्हणजे गव्हाच्या रव्याचा वाफवलेला सांजा खाल्ला.

सकाळी राख उपसली. खमैसला स्वतःच्या हातावरही शंकाच. त्यानं जोड भिंगातून पाहिला, नखानं खरवडला, वास घेतला. मग जबडा हातात धरून बेयासमोर उभा राहिला आणि जरा खाकरून म्हणाला, "वाजव बघू."

बेयानं अंगठी टेकवली. मी खणखणलो. कुंभारवाड्यातल्या नव्या रांजणांनी दचकून मान वळवली असणार, इतका.

"पुन्हा वाजव," खमैस म्हणाला.

कठडा वेळेत झाला. प्रत्येक जोड बेयानं अंगठीनं वाजवून घेतला आणि तीन जोड परत करायला लावले. खमैस कुरकुरला, पण केले. नात आली, धावत गच्चीवर गेली आणि दोन्ही हातांनी कठड्याला धरून हलवलं. खमैस जिन्यातच श्वास धरून उभा होता. कठडा हलला नाही.

माझ्या जोडावर त्यांनी रंग मारला नाही. येणाऱ्या जाणाऱ्याला तो दिसतो, आणि खमैस स्वतःहून सांगतो, "हे इथं चिरलं होतं." आता काहीही विकत घ्यायचं असलं की तो लोहचुंबक घरी ठेवतो आणि बेयाला बरोबर नेतो. बाजारात ती दिसली की निम्म्या दुकानांचे रेडिओ मोठे होतात, असं मी ऐकलंय.

मित्रांनो, तुम्ही घरी माझ्यासारखा कुणी आणाल तर त्याला रोज तेल द्या, आणि घण दुसरीकडं चालवा. चीर पडली तर तिच्यावर ग्रीस फासून शीळ घालत निघून जाऊ नका, कुणाला तरी सांगा.

बेया अजून दर शुक्रवारी जाता जाता मला वाजवून बघते. मी वाजतो. गरजेपेक्षा जरा जास्तच खणखणीत वाजतो, कारण भंगाराचा तो ट्रक अजूनही आमच्याच गल्लीतून जातो.