पायांवरचं पाणी

अंबुबाईंच्या सुनेनं दारातच ऋतिकाच्या पायांवर तांब्या रिता केला. सकाळपासून प्रत्येक दारात हेच चाललं होतं.

“मान हाय गं तुझा,” पत्रकं सावरत मंगलआक्का मागून म्हणाली. “पंचायतीला उभं ऱ्हायलेल्या दुसऱ्या कुणाच्या पायावर घातलं काय पाणी?”

ऋतिकानं खाली पाहिलं. अंगठ्याला कडुलिंबाचं पान चिकटलं होतं.

कोरोनात गावातल्या मयतांना हात लावायला कुणी धजत नव्हतं, तेव्हा टेंपो तिनं चालवला होता. मसणवटीतून परतल्यावर सासूबाई तिच्या पायांवर असंच पाणी घालायच्या, कडुलिंब टाकून. मग आत घ्यायच्या. गावानं मात्र तेव्हापासून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, बारशाला नाही. साईराजचा पाळणा हलवायला मंगलआक्का एकटीच आली होती. अर्ज भरताना ऋतिकाला वाटलं होतं, आता तरी कुणी ‘आत ये’ म्हणेल.

“मत तुलाच,” अंबुबाई आतून म्हणाल्या. “आमच्या मालकांस्नी पोटच्या पोरांनी हात लावला न्हाय. तू नेलंस.”

सुनेनं मान खाली घातली.

“आज्जी, जरा आत बसू काय? ऊन लई हाय.”

“बस की. अगं, खुर्ची टाक तिला भाईर.”

तेवढ्यात साईराज आईचं बोट सोडून उंबऱ्यापलीकडे धावला. ऋतिकाचा पाय उचलला गेला आणि तसाच परत खाली आला.

“असू दे, लेकरू हाय,” अंबुबाईंनी त्याला मांडीवर घेतलं, गुळाचा खडा दिला. मग तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “तू थांब तिथंच, बाय.”

तिन्हीसांजेला मंगलआक्का तिला घरापर्यंत सोडायला आली.

“एक दार न्हाय म्हणालं न्हाय. आलीसच तू निवडून!”

ऋतिका हसली. मंगलआक्का वळणाआड गेल्यावर तिनं कुलूप काढलं, दार ढकललं.

“आई, थांब.”

साईराजनं अंगणातल्या बादलीतून तांब्या भरून आणला होता. दोन्ही हातांनी धरून, जीभ बाहेर काढून, त्यानं तो तिच्या पायांवर ओतला. अर्धा त्याच्याच चड्डीवर सांडला.

“मत तुलाच,” तो म्हणाला, आणि एकटाच आत गेला.