गुंडीच्या छातीतला आवाज

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे, आणि तोही जनावरांच्या दवाखान्यातला. माणसं सांगितल्यावर श्वास रोखतात. माझे पेशंट मलाच चाटतात. नवा होतो तेव्हा माझी नळी काळीभोर आणि मऊ होती. आता ती कडक झाली आहे आणि तिच्यावर एका बोक्याच्या दातांची नक्षी आहे. डॉक्टरबाईंनी बॅटरीवर चालणारा नवा स्टेथोस्कोप आणला, तेव्हापासून मी खुंटीवर लटकून होतो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी त्या नव्याची बॅटरी संपली आणि नेमके दारात शिंपीकाका आले. त्यांच्या कडेवर गुंडी होती, त्यांची म्हातारी कुत्री. ती जन्मभर त्यांच्या शिलाई मशीनखाली झोपत आलेली. तिला खोकला लागला, तेव्हा काकांनी परस्पर ठरवून टाकलं की कापडाचे तंतू तिच्या घशात जातात. त्यांनी तिला दुकानाबाहेर बांधलं, तरी खोकला हटेना.

"माझ्या धंद्यानंच हिला आजारी पाडलं," काका म्हणाले. "उद्या बहिणीकडे नेऊन सोडतो. मला करमणार नाही, पण ही तरी जगेल."

"आधी मला ऐकू तर द्या, काका!" बाई म्हणाल्या.

बाईंनी मला तळहातावर चोळून गरम केलं आणि गुंडीच्या डाव्या पायामागे छातीला लावलं. ती धापा टाकत होती, म्हणून बाईंनी हळूच तिचं तोंड मिटलं. मग मला स्पष्ट ऐकू आलं. ठोक्यांच्या मध्ये 'फुस्स' असा आवाज येत होता.

पाठोपाठ छातीचा फोटो निघाला.

"तंतूंचा काही संबंध नाही," बाई म्हणाल्या. "वयामुळे हृदयातली झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. त्यानं हृदय मोठं झालंय, म्हणून खोकला. झडप पहिल्यासारखी होणार नाही, पण फुफ्फुसात पाणी नाहीये. रोज गोळ्या दिल्यात तर मजेत राहील."

"आणि मशीनखाली झोपली तर?"

"खुशाल झोपू दे की."

काका मटकन स्टुलावर बसले. हसत होते आणि डोळेही पुसत होते. मग गुंडीला पोटाशी धरून म्हणाले, "चल गं बाई, दुकान उघडायचंय."

मला इतकं हायसं वाटलं, की खुंटीचा राग कुठल्या कुठे पळाला.

मित्रांनो, तुमचं मुकं जनावर खोकलं, लवकर दमायला लागलं, तर कारण आपल्या मनानं ठरवू नका. आमच्याकडे आणा, आणि मी ऐकत असताना कृपा करून जरा गप्प बसा. त्याला दूर धाडण्याआधी कुणीतरी त्याचं काळीज ऐकायला हवं.